अठरावी नोंद

१

दर बुधवारी सकाळी आठ वाजता मी ओसरीच्या तुळईला वजनकाटा टांगतो. काट्याखाली कापडी झोळी. वाडीतल्या आया पाच वर्षांखालची मुलं घेऊन येतात. मूल झोळीत बसवायचं. सुई थांबली की मी आकडा मोठ्यानं वाचतो आणि माझी मुलगी वेनिंग तो कॉम्प्युटरवर लिहिते. सुई थांबेपर्यंत मी कुणाला बोलू देत नाही. बायका माझ्यावर हसतात. हसू देत.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. एकेचाळीस वर्षं मी जेपारा शहरातल्या कारखान्यात सागवानी कपाटं सुटी करून खोक्यात भरली. जोडलेलं कपाट जहाजात घेत नाहीत, जागा खातं. ते खोलायचं, फळ्या सपाट रचायच्या, आणि खोक्यावर सगळ्यात आधी संख्या लिहायची. फळ्या नऊ, खुंट्या बत्तीस, बिजागऱ्या चार. समुद्रापलीकडचा माणूस ती संख्या वाचून कपाट परत उभं करतो. मी भरलेलं एकही खोकं कधी परत आलं नाही.

वेनिंग घरात बसून वेबसाइटच्या स्क्रिप्ट लिहिते. मुलांच्या वजनाचं हे काम आरोग्य केंद्रासाठी तिनंच लिहून दिलं. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, "मुलं इथं. केंद्र पंधरा किलोमीटर लांब. जातं काय नेमकं?"

"माहिती जाते, बाबा. चालू प्रोग्रॅमच्या डोक्यात ती सुटी सुटी असते. नाव एका कप्प्यात, वजन दुसऱ्यात, आईचं नाव तिसऱ्यात. डोकं काही तारेतून पाठवता येत नाही. म्हणून सगळं सपाट करून एका ओळीत लिहायचं. तिकडं ती ओळ वाचून होतं तसं परत उभं करायचं."

"आणि संख्या?"

"सगळ्यात आधी संख्याच. मुलं सतरा, मग एकेक मूल. नावाच्या आधीसुद्धा त्यात अक्षरं किती ते लिहितात."

"मग हे माझंच काम आहे. तू खुर्चीत बसून करतेस एवढंच."

ती हसली. "आमच्या धंद्यात सपाट करण्याला निजवणं म्हणतात, आणि परत उभं करण्याला उठवणं. उठल्या उठल्या नोंदीनं काय करायचं तेही सांगून ठेवता येतं. मी सांगून ठेवलंय, उठलीस की आधी वजन सांग."

दहा वाजता मी बटण दाबतो. थोड्या वेळानं केंद्रातून बु पाद्मीचा फोन येतो. ती तिथली नर्स; बु म्हणजे बाई. मला ती म्बाह म्हणते, म्हणजे आजोबा. फार बोलते.

"सतरा पोचली, म्बाह कस्मुरी."

"सतराच पाठवली."

मी फोन ठेवतो. "अहो म्बाह, जेवलात का ते तरी विचारा कधी!" असं ती ओरडत असते. विचारायची गरज मला वाटत नाही.

२

वेनिंगचा मुलगा हा माझा एकुलता नातू. त्याचा बाप लांब बाताम बेटावर जहाजाच्या कारखान्यात असतो, वर्षातून एकदा येतो. म्हणून मुलाचं नाव मी ठेवलं.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. चार शब्दांचं होतं. त्यात सूर्य होता, जग होतं आणि एक जुना राजा होता. माझ्या बापाचं नाव दोन अक्षरी, माझं तीन. लोक म्हणाले, खोकी भरणाऱ्याच्या नातवाला एवढं नाव? मी म्हटलं, होय, एवढंच.

मूल जन्मल्यापासून आजारी. ताप, जुलाब, पुन्हा ताप. चार वर्षांचा झाला तेव्हा वजन घसरून अकरा किलो चारशे झालं होतं. तो आकडा मीच वाचला. त्याच दिवशी त्याला इस्पितळात नेलं.

घरी आणल्यावर म्हाताऱ्या रुमिनाहबाई बघायला आल्या. वाडीतल्या सगळ्या तान्ह्या मुलांना त्याच चोळतात. त्यांनी मुलाचा हात उचलला, सोडला आणि म्हणाल्या, "नाव जड झालंय याला. पेलत नाही."

"नावाला कसलं वजन?"

"तुम्ही उचललंय का ते? त्यानं उचललंय. त्याला विचारा."

आमच्याकडं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मुलाला नाव पेललं नाही तर बदलायचं. मला ते कबूल करायला दीड महिना लागला. दीड महिना मूल खाटेवर होतं.

मग गुळाची लाल आणि नारळाच्या दुधाची पांढरी पेज शिजवली, शेजाऱ्यांना वाढली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की आजपासून हा सेगेर. सेगेर म्हणजे टवटवीत. साधं नाव. रुमिनाहबाई जाताना म्हणाल्या, "जुन्या नावानं आता कुणी हाक मारायची नाही. चुकूनसुद्धा नाही. हाक मारली की ते परत येतं, आणि आल्यावर बसायला जागा मागतं."

पंधरा दिवसांत सेगेर अंगणात कोंबड्यांच्या मागे धावू लागला. तीन आठवड्यांत तेरा किलो दोनशे.

३

राहिली ती ओळ.

मागच्या बुधवारची ओळ कॉम्प्युटरमध्ये साठवलेली असते. पुढच्या बुधवारी तीच उठवून तिच्यात नवी वजनं घालतात. त्या ओळीत जुनं नाव होतं. आजारी पडल्यापासून मुलाला झोळीत बसवलंच नव्हतं, त्यामुळं ओळीतलं वजनही जुनंच होतं, आणि नाव बदलायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"मी बदलते ना, बाबा. दोन मिनिटांचं काम."

"कसं बदलणार?"

"नाव शोधायचं आणि पुसायचं."

"शोधायला ते टाइप करावं लागेल."

"टाइप करणं म्हणजे हाक मारणं नव्हे."

"लिहिणं म्हणजे हाकच. तू हात लावू नकोस. नाव मी ठेवलं, मीच पुसतो."

"अहो, तुम्हाला ते जमायचं नाही," ती म्हणाली. तसं म्हणायला नको होतं.

त्या आठवड्यात ती कामासाठी तीन दिवस समारांगला गेली. बुधवार मधेच आला. ती म्हणाली होती, एक बुधवार सोडा. मी बुधवार सोडत नाही. सतरा मुलं आली, सतरा वजनं मी कागदावर घेतली, आणि बायका गेल्यावर ती ओळ तशीच उघडली, अक्षरांत. उठवायला मला येत नव्हतं. पण निजलेल्या ओळीतली संख्या मला वाचता येत होती.

एकेक वजन बोटानं शोधून घातलं. मग ते नाव आलं. मी पडद्यावर अंगठा ठेवून ते झाकलं, डोळे मिटले आणि पुसायची कळ दाबत राहिलो. किती वेळा दाबायची ते ठाऊक होतं. सत्तावीस. डोळे उघडले तेव्हा अंगठ्याखाली जागा कोरी होती. सगळ्यात शेवटी मी नवी नोंद घातली, अक्षरं तीन, सेगेर, तेरा किलो दोनशे. अगदी वरची संख्या सतराच ठेवली. एक गेला, एक आला.

खोक्यावरचं नाव पुसलं की खोकं कुणाचंच राहत नाही, असा माझा हिशोब होता. आत फळ्या तशाच होत्या, हे मनात आलं नाही. जन्मतारीख, आईचं नाव, ते आजारपणातलं वजन. आणि नावाच्या आधीचा सत्तावीस.

एकेचाळीस वर्षांत मी मोजणी चुकलो नव्हतो. त्या दिवशी डोळे मिटले होते.

४

"अठरा पोचली, म्बाह."

"सतरा पाठवली."

"मग तुमच्या झोळीला पिल्लू झालं वाटतं!"

"पुन्हा मोज."

बु पाद्मी पुटपुटत मोजू लागली. मी वाट बघितली. "अठरा. एकाला नाव नाहीये. नुसतं वजन आहे. अकरा किलो चारशे."

 जुनं वजन ओळीत राहून गेलं, एवढंच. चूक माझी. मी तसं सांगितलंही, आणि कधी नव्हे ते तिला जेवलीस का विचारलं. तिला एवढं आश्चर्य वाटलं की तिनंच फोन ठेवला.

शुक्रवारी वेनिंग आली. तिनं ओळ उठवायला घेतली. पडद्यावर एकच शब्द आला. नाही.

"उघडत नाही. उघडणारच नाही, बाबा. वर सतरा लिहिलंय आणि आत अठरा आहेत. नावाची अक्षरं सत्तावीस लिहिलीत आणि नाव रिकामं. अशी ओळ दिसली की यंत्र ती सगळीच्या सगळी नाकारतं. अर्धंमुर्धं काही देत नाही."

"तिकडं उघडली."

"शक्य नाही."

"अठरा मोजले तिनं. दोनदा."

वेनिंगनं केंद्राला फोन केला, खूप वेळ बोलली, आणि म्हणाली, "उघडलीय खरी. तिकडं कुणीतरी काहीतरी बदलून ठेवलं असणार." मग तिनं आमची ओळ साफ केली. ती रिकामी नोंद मुळासकट काढली. मला मान फिरवायला सांगितली नाही, कारण नाव तिथं नव्हतंच. सतरा वर, सतरा आत. ओळ उठली.

"झालं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी माझ्यासाठी थांबा. तुमचा हट्ट म्हणजे अगदी..."

एवढं म्हणून ती कॉम्प्युटर बंद करून उठली. 

५

पुढच्या बुधवारी सेगेर बारा किलो आठशे.

चारशे ग्रॅम कमी. मूल आहे, कमीजास्त होतं. मी आकडा वाचला, वेनिंगनं लिहिला, आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

"अठरा पोचली, म्बाह."

वेनिंगनं फोन माझ्या हातून घेतला. "बु पाद्मी, आम्ही सतराच पाठवली आहेत. तुमच्याकडची जुनी नोंद राहिली असेल."

"असेल बाई. पण मग वजन कसं बदललं? आज अकरा किलो आठशे सांगते."

तिकडं कुणी चुकून लिहीत असेल, असं वेनिंग म्हणाली. मलाही ते पटलं. पटवून घेतलं.

त्याच्या पुढच्या बुधवारी सेगेर बारा किलो शंभर. तिकडची ती बिननावाची नोंद बारा किलो पाचशे.

दुपारी ओसरीत बसून मी मनात बेरीज केली. पहिल्या बुधवारी तेरा दोनशे आणि अकरा चारशे. दुसऱ्या बुधवारी बारा आठशे आणि अकरा आठशे. आज बारा शंभर आणि बारा पाचशे. तिन्ही वेळा चोवीस किलो सहाशे. मी पुन्हा केली. मग लाकडाच्या ढलपीवर लिहून केली.

काटा सैल झाला असेल म्हणून पाच किलो तांदळाची पिशवी झोळीत ठेवली. सुई पाचावर थांबली. पिशवी काढली. सुई शून्यावर आली. पण लगेच आली नाही. आधी जरा खाली आली, थांबली, आणि मग कुणीतरी हात सोडावा तशी शून्यावर गेली. स्प्रिंग जुनी झाली की असं होतं.

सेगेर जेवत होता. दोन वेळा भात, सोयाबीनचं तळलेलं टेंपे, अंडं. मी समोर बसून खायला घालत होतो. खाल्लेलं कुठं जातं ते कळत नव्हतं. मनगटाचं हाड दिसायला लागलं. आणि एक गोष्ट. हाक मारली की तो लगेच ओ देत नव्हता. "सेगेर" म्हटलं की क्षणभर थांबायचा, मागं बघायचा, आणि मग यायचा.

काटा मी काढून ठेवायचा सोडून दिला होता; दुपारी घरात असलो की झोळीची दोरी करकरायची. मूल बसलं की करकरते तशी. मी काट्याच्या हुकाला खोबरेल लावलं. करकरणं थांबलं नाही. मी ओसरीत गेलो की थांबायचं.

६

चौथ्या बुधवारी सेगेर अकरा किलो सहाशे.

"अठरा," बु पाद्मी म्हणाली. तिचा आवाज आनंदी होता. "आणि म्बाह, त्या अठराव्याला आज नावपण आलंय. अगंबाई, केवढं मोठं! राजाचं नाव आहे की! वाचू का?"

"नाही!"

"बरं, बरं. ओरडता काय म्हाताऱ्या माणसासारखे."

वेनिंग कळफलकावर हात ठेवून माझ्याकडं बघत होती. मी विचारलं, "वाचू नकोस. अक्षरं किती आहेत ते सांग."

बु पाद्मीनं मोजली. सत्तावीस.

"आमच्या ओळीत ते नाव नाही," वेनिंग हळू म्हणाली. "मी आज सकाळी बघितलं. कुठंच नाही, बाबा."

मी रुमिनाहबाईंकडं गेलो. त्या माझ्याबरोबर आल्या, पण अंगणातच थांबल्या. ओसरीची पायरी चढल्या नाहीत. झोळी वाऱ्यानं हलत होती. त्या दिवशी वारा नव्हता असं मला नंतर वाटलं, पण ते नंतरचं.

"कुणी हाक मारली?"

"कुणीच नाही."

"मग त्याला वजन कोण घालतंय?"

मी सगळं सांगितलं. ओळ, अंगठा, डोळे मिटणं. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण मोजणी त्यांना कळली.

"म्हणजे नाव काढून घेतलंत आणि जागा राखून ठेवलीत," त्या म्हणाल्या. "कस्मुरी, तुम्ही वेडे आहात. रिकामी जागा कुणी राखतं का?" आणि त्या निघून गेल्या. मला वेडा म्हणणारं त्यांच्याखेरीज वाडीत कुणी उरलेलं नाही.

७

पाचव्या बुधवारी सेगेरला ताप होता. अकरा किलो. इस्पितळात नेलं त्या दिवशीपेक्षाही चारशे कमी.

वेनिंगनं बॅग भरून ठेवली. साडेदहाला शेजाऱ्याची गाडी येणार होती. बायका गेल्या. उन्हानं अंगण पांढरं झालं होतं. मी ओसरीत खांबाला टेकून बसलो, सेगेर माझ्या मांडीवर. त्याचे डोळे मिटलेले. अंग गरम आणि हलकं, वाळक्या नारळाच्या सालीसारखं. समोर तीन हातांवर झोळी, रिकामी. वेनिंगनं फोनचा आवाज मोठा करून तो माझ्याजवळ ठेवला आणि ती कॉम्प्युटरसमोर बसली.

"बु पाद्मी," ती म्हणाली, "ती जास्तीची नोंद काढून टाका. आत्ता. मी थांबते."

"काढते गं. पण कुठली काढू ते सांग. दोघांची जन्मतारीख एकच आहे, आई एकच, तू. एकाच मुलाच्या दोन नोंदी झाल्यात, मला कळलं ते. यंत्र विचारतंय कुठली ठेवू. एक आहे सेगेर. अकरा किलो. याची तर रेघ सारखी खालीच चाललीय. दुसरी बघ चांगली वर चाललीय. तेरा सहाशे. मला वाटतं हीच बरोबर आहे. नाव आहे..."

"वाचू नका!" वेनिंग ओरडली.

बु पाद्मीनं वाचलं. चारही शब्द. सावकाश, शाळेत हजेरी घेतात तसे.

आमच्याकडं मोठ्यांनी हाक मारली की मूल म्हणतं, "दालेम." हे लहानपणी शिकवलेलं असतं. झोपेतही तोंडून निघतं.

"दालेम," असा आवाज आला.

सेगेरचे ओठ हलले होते. माझं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर होतं. ओठ हलले, पण श्वाससुद्धा बाहेर आला नाही. आवाज समोरून आला. खालून, मूल बसलं की त्याचं डोकं असतं तेवढ्या उंचीवरून.

दोरी करकरली. झोळीचं कापड हळूहळू खाली ताणलं गेलं. सुई फिरली. मी एकेचाळीस वर्षं वजनं उचलली आहेत. कापडावर भार आतून पडतो तेव्हा ते कसं दिसतं ते मला कळतं. तळाशी कापडाला दोन जागी फुगवटा आला. दोन टाचा. मूल झोळीत बसवलं की आधी टाचाच रोवतं.

सुई तेरा किलो सहाशेवर थांबली.

वेनिंगची पाठ झोळीकडं होती. ती वळली नाही. मी तिला म्हटलं, "वळू नकोस."

"म्बाह?" फोनमधून बु पाद्मी म्हणाली. "कुठलं मूल बोललं हो आत्ता? किती गोड आवाज आहे. तर कुठली ठेवू?"

"सेगेर" म्हणालो असतो. नाव जिभेवर आलं होतं. पण टाचा आणखी रुतल्या आणि सुई हलली, दोन रेघा वर. आणि मांडीवरचं मूल तेवढंच हलकं झालं. ते मला मांडीला कळलं.

तेव्हा मला माझं काम आठवलं. खोक्यावर लिहिलेली वस्तू आत नसेल तर पलीकडचा माणूस ती दुसऱ्या खोक्यातून काढून घेतो. त्याला कपाट उभं करायचं असतं. दोष त्याचा नसतो. दोष खोक्यावर लिहिणाऱ्याचा.

"दोन्ही ठेव," मी म्हणालो.

"दोन्ही कशी ठेवू? एकच मूल..."

"दोन आहेत. थांब. मी पाठवतो."

मी वेनिंगला बाजूला सरकवून सेगेरला तिच्या मांडीवर दिलं आणि कॉम्प्युटरसमोर बसलो. वरची संख्या पुसली, अठरा लिहिली. शेवटी नवी नोंद घातली. अक्षरं सत्तावीस. आणि डोळे उघडे ठेवून ते नाव एकेक अक्षर शोधत लिहिलं. वेनिंग रडत होती. "बाबा, नका. हाक मारू नका त्याला." मी लिहीत राहिलो. नाव मी ठेवलं होतं. मूल पेलू शकलं नाही, हा नावाचा दोष नव्हता. त्याला घराबाहेर काढलं तेही मीच.

वजन लिहिण्याआधी मी मागं वळून बघितलं. सुई थांबली होती. मी आकडा मोठ्यानं वाचला, इतर मुलांचा वाचतो तसा. "तेरा किलो सातशे."

वेनिंगनं ओळ तपासली. अठरा वर, अठरा आत. ओळ उठली. मी बटण दाबलं.

"अठरा पोचली, म्बाह," बु पाद्मी म्हणाली.

"अठराच पाठवली."

८

सेगेरचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी काही औषध दिलं होतं. त्यानं उतरला असेल. पुढच्या बुधवारी तो अकरा सहाशे होता, त्यानंतर बारा. आता चौदा किलो आहे. ती बेरीज मी पुन्हा केली नाही. करायची गरज उरली नाही. दोन्ही आकडे वर जातात.

बुधवारी सतरा मुलांची वजनं झाली, बायका गेल्या, की मी ओसरीचं दार ओढून घेतो. झोळीसमोर बसतो. नाव हळू घेतो. उत्तर येतं. सुई थांबली की आकडा वाचतो आणि वेनिंग पाठमोरी बसून तो लिहिते. ती कधी वळत नाही. तिनं मला कधी काही विचारलं नाही. परवा एकोणीस किलो होतं. झोळीला मी कापडाचा दुसरा पदर शिवला आहे.

पुढच्या महिन्यात सेगेरला पाच वर्षं पूर्ण होतात. जन्मतारीख एकच, म्हणून दोघांनाही. पाच पूर्ण झाली की नाव यादीतून निघतं. वेनिंगनं ते स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवलं होतं, सुरुवातीलाच. वर सोळा, आत सोळा. सेगेर शाळेत जाईल. शाळेच्या अर्जावर एकच नाव लिहायचं असतं.

मी वेनिंगला विचारलं, "निजवलेली नोंद कुणी उठवलीच नाही, तर ती जाते कुठं?"

"कुठं जात नाही, बाबा. असते तिथंच असते. तिला कुणी मोजत नाही, एवढंच."

"ती ओळ तशीच ठेव. दोघंही राहू देत."

"ठेवते. पण तुमच्यानंतर वाचायचं कुणी?"

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. 

काल दुपारी मी ठरवलं की आता बस झालं. झोळी हुकावरून काढली, फळीवर ठेवायला तिची चौपदरी घडी घातली. कापड आहे, दोन पदरांचं. अर्धा किलोही भरणार नाही.

घडी मला एका हातानं उचलता आली नाही. मी ती परत टांगली.